दुखण्याचीही एक वही असावी!

वर्षावासातील ग्रंथवाचन चालू होते. एका रविवारी वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत असताना एका भगिनीने आम्हाला थांबवले. हातात औषधांची पिशवी, चेहऱ्यावर काळजी.

"जयभीम भाऊ. ह्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीय. तीन आठवडे झाले. म्हणतात, गोळीनं पाय दुखतात. डॉक्टर म्हणतात, गोळीनं काही होत नाही, खात राहा. आता खरं कुणाचं धरायचं?"

प्रश्न साधा वाटला तरी साधा नव्हता. या भगिनीच्या पतीला दीड वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. माणूस गोदामात हमाली करणारा. घरात दोन मुले शिकणारी. गोळी बंद ठेवली आणि पुन्हा झटका आला तर सारा संसार उघड्यावर. आणि गोळी खाऊन खरोखरच पाय दुखत असतील, तर गोणी कशी उचलायची आणि चूल कशी पेटायची? डॉक्टरसाहेब बोलत होते ते हजारो रुग्णांच्या अनुभवावरून. हा गृहस्थ बोलत होता तो स्वतःच्या पायांवरून. दोघेही प्रामाणिक होते.

आम्ही काही डॉक्टर नाही. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. परंतु या प्रश्नाने आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही. तेव्हा जाणत्यांना विचारून, वाचून जे हाती लागले, ते आमच्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. बीपी, साखर, दमा, अंगदुखी, तंबाखू आणि झोपेची तक्रार नाही असे घर आपल्या वस्तीत शोधूनही सापडणार नाही.

सरासरी म्हणजे सगळे नव्हेत

औषध गुणकारी आहे की नाही हे ठरवण्याची रीत अशी की, पुष्कळ रुग्ण घ्यायचे, त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडायचे, एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही, आणि शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची चाचणी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अशाच रीतीने १०७ रुग्णांवर केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. ज्या क्षयाने गिरणगावातल्या कितीतरी चाळींतली कर्ती माणसे खाल्ली, त्यावर औषध आहे हे अशा चाचणीने जगाला दाखवून दिले. ही रीत मोलाची आहे यात शंका नाही.

परंतु तिचे उत्तर सरासरीचे असते. हिशेबातले उदाहरण घ्या. एका खोलीत दहा कामगार बसलेत, त्यांची सरासरी मजुरी पाचशे रुपये निघाली. म्हणून कोपऱ्यातल्या रामभाऊच्या खिशात पाचशेच आहेत असे कोणी म्हणेल काय? कोणाकडे हजार असतील, कोणाकडे शंभरही नसतील. औषधाचेही तसेच. एखादे औषध शंभरातल्या साठांना लागू पडले, तर ते उत्तम औषध. पण मी त्या साठांतला की उरलेल्या चाळिसांतला, हे सरासरी सांगत नाही. सवयी, मन, काळजी, झोप यांच्या बाबतीत तर माणसामाणसांत अधिकच फरक. आरोग्य मानसशास्त्र नावाची एक ज्ञानशाखा याच गोष्टींचा अभ्यास करते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९७८ साली तिच्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. आजार, सवय, विचार आणि वागणूक यांचा एकमेकांशी संबंध काय, हा तिचा विषय. या शाखेने एक जुनी रीत जवळ केली. ती म्हणजे एकाच माणसाचा पद्धतशीर अभ्यास.

एकच माणूस, पण अनेक दिवस

एका माणसावरून शास्त्र कसे होईल, असे कोणाला वाटेल. पण हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्मरणशक्तीचा अभ्यास केवळ स्वतःवर केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि किती वेळाने किती विसरलो याची नोंद ठेवी. १८८५ साली त्याचा ग्रंथ निघाला. पाठ केलेले आधी भराभर विसरते आणि मग हळूहळू विसरते, हा त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे. आपल्या मुलांना पाठ झालेला धडा दुसऱ्याच दिवशी पुन्हा वाचायला सांगावा, याचे कारण त्या एका माणसाच्या वहीत आहे.

त्याचा अभ्यास टिकला तो मोजमापामुळे. माणूस एक असला तरी मोजणी शेकडो वेळा केलेली होती. या रीतीचे मर्म हेच. मोठ्या चाचणीत पुष्कळ माणसे एकेकदा मोजतात; येथे एक माणूस पुष्कळदा मोजतात. तेथे एका माणसाची दुसऱ्याशी तुलना होते. येथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

१९८६ साली कॅनडातील हॅमिल्टन गावच्या मॅकमास्टर विद्यापीठातील डॉ. गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत औषधोपचारात आणली. त्यांच्यापुढे दम्याचा एक रुग्ण होता. थिओफिलीन हे त्या काळी सर्रास दिले जाणारे औषध त्याला चालू होते. त्याला काही दिवस खरी गोळी आणि काही दिवस हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, अशी आलटून पालटून दिली. केव्हा कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. रुग्ण रोज आपला त्रास लिहीत होता. शेवटी पाकीट उघडले तेव्हा दिसले की, थिओफिलीन नसतानाच त्याला अधिक बरे वाटत होते! हजारोंना दिलेले औषध या एकाला उपयोगी नव्हते. ही गोष्ट त्या एकाच्या वहीवाचून कळली नसती.

आज या रीतीला शास्त्रात मान आहे. ऑक्सफर्डच्या एका केंद्राने २०११ साली पुराव्यांची प्रतवारी लावली. उपचाराचा उपयोग होतो का, या प्रश्नासाठी अशा काटेकोर एकव्यक्ती चाचणीला त्यांनी पहिल्या पायरीवर बसवले. अशा चाचणीचा अहवाल कसा लिहावा याचे नियमही २०१५ साली ठरले.

बारा बाटल्यांची गोष्ट

आता आमच्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. नेमक्या याच प्रश्नावर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी चाचणी केली आणि २०२० साली ती प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. या गोळ्यांचा त्रास होतो म्हणून ज्यांनी त्या सोडल्या, असे ६० जण त्यांनी घेतले. प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत खरी स्टॅटिनची गोळी, चारांत औषध नसलेली तशीच गोळी आणि चार बाटल्या रिकाम्या. कोणती बाटली कोणत्या महिन्यात, ते नशिबावर सोडलेले. रोज प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर त्रासाला शून्य ते शंभर यांतले गुण द्यायचे.

वर्षअखेरीस हिशेब मांडला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाचे सरासरी गुण ८. खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळीने त्रास दुप्पट झाला असेच कोणीही म्हणेल. पण औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतले गुण किती? १५.४! गोळी घेताना जो जादा त्रास होत होता, त्यातला ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही होत होता.

वाचकहो, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्या माणसांचे दुखणे खोटे नव्हते. ते नाटक करत नव्हते. पाय खरेच दुखत होते. परंतु दुखण्याचे कारण बव्हंशी औषधात नव्हते. गोळीने त्रास होणार ही जी धास्ती मनात होती, तिच्यात होते. डॉक्टरी भाषेत याला नोसिबो म्हणतात. मनाची अपेक्षा शरीराला कशी जाणवते, याचा इतका स्पष्ट हिशेब क्वचितच कोणी मांडला असेल.

आणखी महत्त्वाचे पुढेच आहे. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा तक्ता दाखवला. डॉक्टरने 'तुम्हाला काही होत नाही' म्हणून झटकून टाकणे वेगळे आणि आपल्याच हाताने भरलेले वर्षभराचे आकडे आपल्याच डोळ्यांनी पाहणे वेगळे. सहा महिन्यांनी पाहिले तर ६० पैकी ३० जणांनी सोडलेली गोळी पुन्हा सुरू केली होती. पुढे २०२१ साली ब्रिटनमध्येच २०० जणांवर अशाच धर्तीची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातही स्नायूंच्या दुखण्यात खऱ्या आणि खोट्या गोळीत एकंदरीत फरक दिसला नाही.

अंगाऱ्याचा अनुभव आणि वहीचा अनुभव

आता कोणी म्हणेल, "भाऊ, एकाच माणसाचा अनुभव शास्त्र मानायचा, तर आमच्या मामाला अंगाऱ्याने गुण आला, तो का मानायचा नाही?" प्रश्न रास्त आहे. टाळून चालणार नाही.

माणूस बुवाकडे जातो केव्हा? दुखणे अगदी टोकाला पोचते तेव्हा. आणि बहुतेक दुखणी टोकाला पोचली की आपोआप थोडी उतरतात. ताप चढतो तसा उतरतो. कंबर चार दिवस धरते, पाचव्या दिवशी सुटते. त्या उतरणीच्या वेळी हातात अंगारा असला की श्रेय अंगाऱ्याला. बुवाकडे आधीची नोंद नाही, अंगारा नसतानाच्या दिवसांची नोंद नाही, पुन्हा पडताळा नाही. ज्यांना गुण आला नाही त्यांची तर गणतीच नाही. हा अनुभव खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा.

वहीचा अनुभव तसा नसतो. उपाय सुरू करण्याआधी काही दिवस नुसती नोंद. मग उपाय. मग उपाय थांबवून नोंद. मग पुन्हा उपाय. उपाय आला की त्रास उतरला, गेला की चढला, पुन्हा आला की पुन्हा उतरला, असे दोन-तीनदा घडले तर योगायोग म्हणणे अवघड होते. शिवाय क्रम नाणे उडवून ठरवला आणि आज काय घेतले हे घेणाऱ्याला कळू दिले नाही, तर मनाची धास्ती आणि मनाची आशा दोन्ही बाजूला पडतात.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका. हिताचे आहे की अहिताचे, ते स्वतः जाणून घ्या. आणि त्याच उपदेशात सुज्ञ माणसे कशाला चांगले म्हणतात, हेही पाहायला सांगितले होते, हे आपण पुष्कळदा विसरतो. स्वतःची वही आणि जाणत्याचा सल्ला, दोन्ही हवीत.

उलटे फिरता येत नाही तेव्हा

काही गोष्टी मात्र थांबवून पुन्हा सुरू करता येत नाहीत. कोणाची तंबाखू सुटली, तर पडताळा पाहायचा म्हणून 'आता पुन्हा खा' असे कोण सांगेल? अशा वेळी अभ्यासकांनी दुसरी युक्ती काढली. मर्यादा पायरीपायरीने खाली आणायची आणि प्रत्येक पायरीला सवय तिच्यामागून खाली येते का ते पाहायचे. १९७६ साली हार्टमन आणि हॉल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ही रीत मांडली तेव्हा त्यांनी दिलेल्या उदाहरणांत सिगारेट कमी करणाऱ्या एका माणसाचा आलेख होता. मर्यादा ओलांडली तर दंड, पाळली तर बक्षीस.

आमच्या शेजारच्या एका मावशींना आम्ही ही गोष्ट सांगितली. मावशी धुण्याभांड्यांची कामे करतात. मिश्री लावल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट तिच्यातून जाते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. सोडते सोडते म्हणता वीस वर्षे गेली होती. आम्ही म्हटले, "मावशी, सोडू नका. आधी आठवडाभर नुसती मोजा." भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी रेघा ओढल्या. रोज पाच ते सहा वेळा. नुसत्या मोजणीनेच पुढच्या आठवड्यात एक रेघ आपोआप कमी झाली. हेही अभ्यासकांना माहीत आहे. नोंद ठेवू लागले की वागणूक थोडी बदलतेच. मग दर पंधरवड्याला एक रेघ कमी. मर्यादा मोडली तर दोन रुपये विहाराच्या दानपेटीत.

रेघांशेजारी वेळ लिहायला सांगितली, तेव्हा एक गंमत कळली. दुपारी तीनची मिश्री काही केल्या सुटत नव्हती. का? त्या वेळी तिसऱ्या घरचे काम संपवून त्या उपाशीपोटी जिन्यात बसत. भुकेला मिश्री, हा खरा हिशेब होता. मग पिशवीत फुटाणे आले. आज मावशी दिवसातून एकदा, सकाळी, मिश्री लावतात. सुटली असे आम्ही म्हणणार नाही. पण कॅलेंडर खोटे बोलत नाही आणि मावशी आता ते अभिमानाने दाखवतात.

वही कशी ठेवावी

शंभर पानी वही पुरे. त्रास एकच निवडावा. डोकेदुखी, झोप, पित्त, जे काही असेल ते. रोज ठरल्या वेळी त्याला शून्य ते दहा गुण द्यावेत. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. त्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: किती तास झोप झाली, काम हलके की जड, खाण्यापिण्यात काय वेगळे, औषध घेतले का. आठवून लिहू नये. आठवण आपल्याला हवे तेच सांगते. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नये. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चहाही सोडला आणि उशीही बदलली, तर डोके कशाने थांबले ते कसे कळणार?

बदल घरच्या घरी करायचा तो निरुपद्रवी गोष्टींतच. संध्याकाळचा चहा, रात्रीचे जागरण, तिखट, मोबाइल, चालणे, ध्यान. औषधाच्या गोळ्यांशी असा खेळ कदापि करू नये. बीपी, साखर, फिट, क्षय, हृदय यांची औषधे स्वतःच्या मनाने थांबवणे म्हणजे जिवाशी खेळ. ती नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी आणि बदल त्यांनीच करावा. काही औषधांचा अंमल शरीरातून उतरायला फार दिवस लागतात, काही आजार एका दिवसात जीव घेतात. तेथे ही रीत लागूच पडत नाही. जे दुखणे जुने आहे, रोजचे आहे आणि ज्यावरचा उपाय लवकर चढतो-उतरतो, तेथेच ती कामाची.

आणखी एक मर्यादा. माझी वही माझ्यापुरती खरी. मला चहा सोडून गुण आला म्हणून साऱ्या चाळीचा चहा बंद करायला निघू नये. मात्र अशा पुष्कळ वह्या एकत्र केल्या तर त्यांतून सर्वांच्या उपयोगाचे ज्ञान निघू शकते. त्या बारा बाटल्यांच्या चाचणीत तेच झाले.

त्या गृहस्थाचे काय झाले?

आम्ही त्या भगिनीला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आजपासून रोज पायांच्या दुखण्याचे गुण लिहा. दोन, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि गोळी बंद आहे हे लपवू नका. भगिनी चौथी शिकलेली. मुलीने वहीत रकाने आखून दिले. डॉक्टरांकडे जाईपर्यंत पाच दिवसांची नोंद झाली होती. गोळी बंद असतानाची ती नोंद पाहून डॉक्टरसाहेब प्रथमच खुर्चीत पुढे सरकून बसले, असे ती सांगत होती. त्यांनी रक्त तपासले, गोळी पुन्हा सुरू केली आणि बजावले की, स्नायू फार दुखले, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद रंगाची झाली तर त्याच दिवशी या. नोंद मात्र चालू ठेवा.

दोन महिन्यांनी वही आम्हीही पाहिली. आकडे बोलके होते. गोळी बंद असताना ज्या दिवशी ट्रक उतरवले त्या दिवशी सात-आठ. गोळी चालू असताना ट्रक उतरवले त्या दिवशीही सात-आठ. सुट्टीच्या दिवशी, गोळी असो वा नसो, दोन-तीन. ही काही बारा बाटल्यांची चाचणी नव्हती. गोळी कधी चालू, कधी बंद, हे त्याला ठाऊकच होते. तरीही जो माणूस दीड महिना कोणाचे ऐकत नव्हता, तो स्वतःच्या वहीपुढे गप्प झाला. म्हणाला, "भाऊ, दुखतंय ते गोणीनं." गोळी चालू आहे. आता प्रश्न गोणीचा आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाला हलके काम मिळावे म्हणून अर्ज केला आहे आणि त्याला वहीच्या पानांची झेरॉक्स जोडली आहे. उत्तर अजून आलेले नाही. आम्ही पाठपुरावा करत आहोत.

परमपूज्य बाबासाहेबांनी आम्हाला शिकायला सांगितले. शिकणे म्हणजे केवळ शाळेतले नव्हे. आपल्या देहाला काय होते, कशाने होते, हे दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः पाहणे, लिहिणे आणि लिहिलेले घेऊन ताठ मानेने डॉक्टरांपुढे किंवा साहेबापुढे बसणे, हेही शिकणेच. भगवंतांनी वेदनेकडे वेदना म्हणून पाहायला शिकवले. भिऊन नव्हे, झाकून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या दुखण्याची नोंद कोणी ठेवली नाही. आता ती आपणच ठेवू.

या रविवारी विहारात येताना प्रत्येक घराने एक वही आणावी. रकाने आखून द्यायला आम्ही आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!